२०२४ मधले आवडते नवे जॅझ अल्बम : काय ऐकावं, कुठे कान द्यावा

खर्ज

२०२४ साली आलेल्या जॅझ अल्बमांपैकी जे पुन्हा पुन्हा लावावेसे वाटतात त्यांच्यासाठी हा धागा. नुसती यादी नको. कोण काय वाजवतंय, नेमका कुठे कान द्यायचा आणि पहिल्या ऐकण्यात माणूस कुठे अडतो, एवढं लिहाच. "अप्रतिम, जरूर ऐका" एवढ्यावर कुणाच्या पदरात काही पडत नाही.

मी दोन अल्बम एकत्र घेतो, कारण दोन्हींत ड्रमवर एकच माणूस आहे : टायशॉन सोरी.

पहिला विजय अय्यर त्रयीचा 'कम्पॅशन' (ईसीएम या कंपनीचा, फेब्रुवारी २०२४). पियानो अय्यर, डबल बास लिंडा मे हान ओ, ड्रम सोरी. दुसरा सोरीच्या स्वतःच्या त्रयीचा 'द ससेप्टिबल नाऊ' (पाय रेकॉर्डिंग्ज, ऑक्टोबर २०२४). पियानो ॲरन डील, बास हरीश राघवन. वाद्यं तीच तीन, ड्रमर तोच, आणि तरी ऐकण्याचा अनुभव पूर्ण वेगळा.

'कम्पॅशन'ची सुरुवात 'ओव्हरजॉइड'पासून करा. मूळ गाणं स्टीव्ही वंडरचं, १९८५ सालचं. आधी मूळ गाणं दोनदा ऐका, चाल ओठांवर बसली पाहिजे. मग त्रयीचं ऐका. चाल सरळ समोर ठेवलेली नाही, ती लयीच्या आत मुरवली आहे. पण मूळ पक्कं असलं की तिचा प्रत्येक तुकडा ओळखू येतो. चाल माहीत नसताना ऐकलं तर तेच वादन नुसती घाई वाटतं. इथेच बहुतेक जण सोडून देतात. रॉस्को मिचेलची 'नोना' शेवटासाठी ठेवा, ती टोकदार आहे.

सोरीच्या अल्बममध्ये चार रचना आहेत : मॅकॉय टायनर यांची 'पेरेसिना', जोनी मिचेल आणि चार्ल्स मिंगस यांची 'अ चेअर इन द स्काय', 'युअर गुड लाइज' आणि ब्रॅड मेलडाऊची 'बेल्टिना'. चारही सलग, मध्ये थांबा नाही. एकूण सव्वा तासाच्या वर. पियानोच्या मागे न लागता राघवनच्या बासमागे जा. एक रचना सुटून दुसरी कधी धरली गेली हे तिथे आधी कळतं.

एक मत आत्ताच मांडून ठेवतो. या वर्षीच्या चांगल्या अल्बमांत 'एक जण सोलो घेतोय आणि बाकीचे साथ करताहेत' ही मांडणी फार थोड्या ठिकाणी उरली आहे. बास आणि ड्रमकडे साथ म्हणून पाहिलंत तर अर्धा अल्बम हातातून जाईल.

आवर्तन

खर्ज, सोरीचा अल्बम लावण्यापूर्वी एक तांत्रिक गोष्ट बघा, नाहीतर "सलग" हा शब्द फक्त कागदावर राहील.

ॲपमध्ये क्रॉसफेड शून्यावर आणा. क्रॉसफेड चालू असेल तर एका ट्रॅकची शेवटची काही सेकंदं पुढच्याच्या सुरुवातीवर चढतात आणि सांधा गढूळ होतो. शफल बंद. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय असेल तर ती 'ट्रॅक'ऐवजी 'अल्बम' प्रकारावर ठेवा, किंवा पूर्ण बंद करा. ट्रॅकनिहाय समानीकरणात प्रत्येक ट्रॅक वेगळा मोजला जातो. मुद्दाम हळू वाजवलेला भाग वर ओढला जातो आणि सांध्यावर आवाजाची पायरी ऐकू येते. काही ॲप पूर्ण अल्बम क्रमाने लावला की आपोआप अल्बम पातळी घेतात, पण तोच अल्बम प्लेलिस्टमध्ये टाकला की पुन्हा ट्रॅक पातळीवर जातात. म्हणून अल्बमच्या पानावरूनच लावा.

फाइली स्वतः साठवत असाल तर एमपीथ्री टाळा. एमपीथ्रीत आवाज १,१५२ नमुन्यांच्या चौकटींमध्ये बांधला जातो, ४४.१ किलोहर्ट्झला एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. ट्रॅकच्या आरंभी आणि शेवटी चौकट पूर्ण भरायला रिकामी जागा घालावी लागते. ती काढून टाकण्याची माहिती फाइलमध्ये असली आणि प्लेअरने ती वाचली तर ठीक, नाहीतर प्रत्येक सांध्यावर बारीक उचकी लागते. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता साठवणाऱ्या प्रकारात, हा प्रश्न येत नाही.

याचा सर्वांत जास्त फटका बसतो तो माझ्या आवडत्या अल्बमला : नाला सिनेफ्रो, 'एंडलेसनेस' (वॉर्प, सप्टेंबर २०२४). दहा ट्रॅक, 'कंटिन्यूअम १' ते 'कंटिन्यूअम १०', मिळून सुमारे ४५ मिनिटं. सगळ्यांतून एक स्वरमालिका फिरत राहते, सूर एकामागून एक, वर्तुळात. ती कधी सिंथेसायझरवर असते, कधी हार्पवर, कधी फुंकवाद्यांकडे जाते. सिनेफ्रो मॉड्युलर सिंथ आणि पेडल हार्प वाजवते. सॅक्सोफोनवर नुबाया गार्सिया आणि जेम्स मॉलिसन, शिवाय २१ तंतुवाद्यांचा संच. ऐकताना एवढंच करायचं : ती मालिका या क्षणी कुणाकडे आहे? बाकी सगळं आपोआप उलगडतं. सांध्यावर उचकी लागली की हा धागाच तुटतो, आणि मग उरते ती पार्श्वभूमीला चालणारी गोड धून.

मृद्गंध

धागा वाचतेय. एक मूलभूत प्रश्न. शास्त्रीय संगीताची सवय आहे, सम कळते, आवर्तन कळतं. जॅझमध्ये आपण रचनेत कुठे आहोत हेच कळत नाही. मोजायचं कसं? याच वर्षीच्या एखाद्या अल्बमवर दाखवता येईल का?

मध्यसप्तक

येईल. कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि पॉल मोशन यांचा 'द ओल्ड कंट्री' (ईसीएम, नोव्हेंबर २०२४) घ्या. ध्वनिमुद्रण १९९२ चं आहे, पेनसिल्व्हेनियातल्या डिअर हेड इन इथलं. त्याच रात्रीचा पहिला भाग १९९४ मध्ये आला होता, उरलेला आता आला. यातली 'स्ट्रेट, नो चेसर' ही थेलोनियस मंक यांची रचना निवडा. ती बारा मापांची ब्लूज आहे, म्हणून सरावाला उत्तम.

एक माप म्हणजे चार मात्रा. बारा मापं, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. आत चार-चार मापांचे तीन भाग. पहिल्या चार मापांत घरचा कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर). पाचव्या मापाला चौथ्या स्वरावरचा कॉर्ड येतो, सातव्याला परत घर. नवव्या मापापासून घरापासून दूर नेणारी हालचाल, अकराव्याला परतणं, बाराव्यात पुढच्या आवर्तनाची तयारी. सगळं मोजायची गरज नाही. पाचवं माप ओळखता आलं की पुरे : आधाराचा सूर सरकल्याचं पोटात जाणवतं.

पद्धत अशी. पहिल्यांदा फक्त बास ऐका. तो चालता बास वाजवत असेल तेव्हा प्रत्येक मात्रेला एक सूर पडतो, म्हणजे तोच तुमचा ठेका. बोटांवर मापं मोजा, चारचे तीन गट. दुसऱ्यांदा सुरुवातीची धून आवर्तनात कशी बसते ते बघा. सोलो सुरू झाला तरी आवर्तन तेच फिरत राहतं, कुणीही कितीही दूर गेलं तरी. तुमच्या भाषेत सांगायचं तर बंदिश गायली गेली, आता तिच्याच आवर्तनात उपज चालली आहे.

आता मोजणी कुठे बिघडते ते. एक, या रचनेची धून फसवी आहे. मंक यांनी एकच छोटा स्वरवाक्यांश घेतला आहे, पण दर वेळी तो वेगळ्या मात्रेवर सुरू होतो, कधी लांबतो, कधी आखडतो. वाक्यांशाच्या पहिल्या सुराला 'एक' धरलंत की दुसऱ्याच मापात चुकणार. म्हणून मोजणी बासवरच ठेवा. दोन, समेसारखं वजनदार ठिकाण शोधू नका. पुष्कळ जॅझमध्ये ड्रमरची पायाची झांज दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला मिटते, पहिल्या मात्रेवर वेगळा जोर दिला जात नाही. तीन, मोशन तेही प्रत्येक वेळी करत नाहीत. ते लय सांगण्यापेक्षा सुचवतात. म्हणूनच हा अल्बम ऐकायला इतका आनंद आहे आणि मोजायला थोडा जड. दोन-तीन आवर्तनं चुकली तर थांबू नका, पुढचं पाचवं माप पकडून पुन्हा आत शिरा.

अजून एक. ईसीएमचे अल्बम साधारण पाच सेकंदांच्या शांततेने सुरू होतात. काही वाजत नाही म्हणून आवाज वाढवू नका.

मृद्गंध

पाचव्या मापाची खूण फार कामाची आहे. धन्यवाद.

ताम्रपट

मध्यसप्तक, मोजणीचं विवेचन उत्तम, पण धागा "नवे अल्बम" असा आहे. १९९२ चं वादन २०२४ च्या यादीत कसं चालेल? तसं पाहिलं तर मॅकॉय टायनर आणि जो हेंडरसन यांचा 'फोर्सेस ऑफ नेचर' (ब्लू नोट, नोव्हेंबर २०२४) पहिल्या क्रमांकावर येईल, आणि ते वादन १९६६ चं आहे. नव्या कलाकारांना त्यांच्याशी तोलणं अन्यायाचं आहे.

खर्ज

मान्य. दोन याद्या ठेवू : नव्याने मुद्रित झालेले आणि संग्रहातून बाहेर आलेले. पण दुसऱ्या यादीबद्दलही लिहा, कारण ती वादनं याआधी आपल्याला ऐकायलाच मिळाली नव्हती.

आणि वर्ष कोणतं धरायचं हेही ठरवून टाकू : प्रकाशनाचं. त्या हिशेबाने ॲम्ब्रोज अकिनमुसिरेचा 'आउल साँग' बाहेर जातो. तो १५ डिसेंबर २०२३ चा आहे, पण पुष्कळांनी २०२४ मध्येच ऐकला. ट्रम्पेट, बिल फ्रिझेलचा गिटार, हर्लिन रायली ड्रमवर, बास नाहीच. नियमापायी तो वगळावा लागतो, याचं वाईट वाटतं.

ताम्रपट

ठीक. मग संग्रहातले दोन माझ्याकडून.

'फोर्सेस ऑफ नेचर' : न्यूयॉर्कमधल्या स्लग्ज या क्लबमधलं प्रत्यक्ष मैफलीचं मुद्रण. टेनर सॅक्सोफोन हेंडरसन, पियानो टायनर, बास हेन्री ग्राइम्स, ड्रम जॅक डिजॉनेट. ही टेप डिजॉनेट यांच्या स्वतःच्या संग्रहात होती, मुद्रण ऑर्व्हिल ओब्रायन यांचं. टायनर १९६५ च्या अखेरीला जॉन कोल्ट्रेन यांच्या संचातून बाहेर पडले होते, आणि त्यांचा डावा हात इथे तोच जड घण आहे. पहिलाच ट्रॅक 'इन अँड आउट' वीस मिनिटांहून मोठा. सुरुवात त्याने करू नका, धाप लागते. आधी 'वुई विल बी टुगेदर अगेन' हे संथ गाणं ऐका, चारही वाद्यांच्या जागा कानात बसवा, मग मागे या.

ॲलिस कोल्ट्रेन, 'द कार्नेगी हॉल कॉन्सर्ट' (इम्पल्स, मार्च २०२४). कार्यक्रम २१ फेब्रुवारी १९७१ चा, स्वामी सच्चिदानंदांच्या योग संस्थेच्या मदतीसाठी झालेला. दोन बास (जिमी गॅरिसन, सेसिल मॅकबी), दोन ड्रम (एड ब्लॅकवेल, क्लिफर्ड जार्व्हिस), दोन सॅक्सोफोन (फॅरो सँडर्स, आर्ची शेप), शिवाय तंबोरा आणि हार्मोनियम. चार ट्रॅक. पहिल्या दोनांत ॲलिस हार्पवर, नंतरच्या दोनांत पियानोवर. अनेक-ट्रॅकच्या मूळ टेप हरवल्या आहेत. आत्ताचा अल्बम दोन-ट्रॅकच्या मिश्रणावरून केला आहे, म्हणजे एखादं वाद्य पुढेमागे करायला वाव उरलेला नव्हता. त्यामुळे जोराच्या भागात दोन ड्रमसंच एकमेकांत मिसळतात. इक्वलायझर फिरवून ते सुटे होणार नाहीत, प्रयत्न सोडा. त्याऐवजी दोन बासांवर लक्ष ठेवा : एक आधार धरून असतो तेव्हा दुसरा वर चढून गातो. आणि तंबोऱ्यावर वाढलेल्या कानांना 'जर्नी इन सच्चिदानंद'मध्ये आत शिरायला क्षणही लागणार नाही.

रवाळ

नव्यांत माझा पहिला क्रमांक : पॅट्रिशिया ब्रेनन सेप्टेट, 'ब्रेकिंग स्ट्रेच' (पायरोक्लास्टिक, २०२४).

सात जण : व्हायब्राफोन आणि मारिंबा ब्रेनन, ट्रम्पेट ॲडम ओफॅरिल, ऑल्टो आणि सोप्रानिनो सॅक्सोफोन जॉन इराबॅगॉन, टेनर मार्क शिम, बास किम कॅस, ड्रम मार्कस गिलमोर, तालवाद्यं मॉरिसिओ हेरेरा. ब्रेनन मूळची मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझची, आणि कॅरिबियन तालांशी तिचं नातं जुनं आहे. तालवाद्यं इथे सजावटीला ठेवलेली नाहीत, सगळी इमारत त्यांच्यावर उभी आहे.

व्हायब्राफोन आणि मारिंबा वेगळे ओळखायची खूण. व्हायब्राफोनच्या पट्ट्या धातूच्या, पायाखाली पेडल; पेडल दाबलेलं असेपर्यंत सूर रेंगाळतो. पट्ट्यांखालच्या नळ्यांच्या तोंडाशी मोटरवर फिरणाऱ्या चकत्या असतात, त्यामुळे आवाज लाटांसारखा हलतो; मोटर बंद असेल तर सूर सरळ उभा राहतो. मारिंबाच्या पट्ट्या लाकडी, पेडल नाही, सूर टपकन येतो आणि विरतो. ब्रेनन व्हायब्राफोनला इलेक्ट्रॉनिक्सही जोडते, तेव्हा सूर वाकतो. धातूच्या पट्टीचा सूर कडक काठी पट्टीवर दाबून सरकवली तर थोडासा वाकतो, फार नाही. तो पुष्कळ वाकलेला ऐकू आला की समजायचं, इलेक्ट्रॉनिक्सचं काम चालू आहे.

अडचण कुठे येते? तीन फुंकवाद्यं एकत्र आली की कान त्यांच्याकडे ओढला जातो आणि खालचा ताल हरवतो. म्हणून 'पालो दे ओरोस' दोनदा ऐका. एकदा हेरेराचे हात, एकदा गिलमोरची झांज. तिसऱ्यांदा फुंकवाद्यं. चौथ्यांदा सांगायची गरज पडणार नाही. शेवटचा 'एअरेंडेल' हा ट्रॅक सर्वांत दूरचा म्हणून ओळखल्या गेलेल्या ताऱ्याच्या नावाचा आहे.

आवर्तन

रवाळ, ओफॅरिल आणि ब्रेनन दोघेही मेरी हॅल्व्हरसनच्या 'क्लाउडवर्ड'मध्ये आहेत (नॉनसच, जानेवारी २०२४). तो लगेच पाठोपाठ ऐका. तिथे गिटार हॅल्व्हरसन, ट्रॉम्बोन जेकब गार्चिक, बास निक डन्स्टन, ड्रम टोमास फुजिवारा. एका ट्रॅकवर लॉरी अँडरसनचं व्हायोलिन.

हॅल्व्हरसनबद्दल एक ठरलेली तक्रार येते : "फाइल बिघडली आहे, गिटारचा सूर घसरतोय." फाइल धडधाकट आहे. ती डिले पेडल (वाजलेला सूर थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र) वापरते आणि पायाने डिलेचा कालावधी वाजवता वाजवता बदलते. कालावधी आखडला की साठवलेला आवाज भरभर वाजून सूर वर जातो, लांबला की खाली येतो. रेकॉर्ड प्लेअरवर ऐकत असाल आणि शंका आली तर ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचे लांब सूर ऐका. तेही डुलत असतील तर तुमच्या तबकडीचं भोक मध्यावर नाही किंवा मोटरचा वेग हलतोय. फक्त गिटार डुलत असेल तर ते हॅल्व्हरसनचं आहे.

निषाद_को

शबाकाचा उल्लेख अजून कसा नाही? 'पर्सीव्ह इट्स ब्यूटी, ॲक्नॉलेज इट्स ग्रेस' (इम्पल्स, एप्रिल २०२४).

शबाका हचिंग्जने २०२३ च्या अखेरीला सॅक्सोफोन बाजूला ठेवला. इथे शाकुहाची ही जपानी बांबूची बासरी आणि इतर बासऱ्या, आणि पहिल्या ट्रॅकवर क्लॅरिनेट. मुद्रण न्यू जर्सीतल्या व्हॅन गेल्डर स्टुडिओत, सगळे एकाच खोलीत, हेडफोन न लावता, मध्ये आडोसे न ठेवता. हे ऐकताना फार महत्त्वाचं आहे. आडोसे नसले की प्रत्येक माइकमध्ये सगळ्यांचा आवाज थोडाथोडा जातो, म्हणजे नंतर मिश्रणात एखाद्याला मोठं करता येत नाही. वाजवणाऱ्यांनीच एकमेकांना जागा द्यावी लागते. शाकुहाचीसारखं हळवं वाद्य ऐकू यावं म्हणून जेसन मोरान पियानोवर किती कमी सूर टाकतो ते बघा.

शाकुहाचीत श्वासाचा खरखरता आवाज सुराचाच भाग असतो. तो गोंगाट समजून नॉइज कमी करणारी कुठलीही सोय लावली असेल तर काढा.

ताम्रपट

निषाद_को, अल्बम सुंदर आहे, पण याला जॅझ म्हणावं का? स्विंग म्हणजे ती झुलती लय नाही, चालता बास नाही.

निषाद_को

स्विंग आणि चालता बास ही लक्षणं आहेत, त्यांच्यावाचून जॅझच नाही असं म्हणता येणार नाही. ॲलिस कोल्ट्रेनच्या 'जर्नी'मध्येही चालता बास नाही, एकच आवर्ती बासवाक्यांश आहे, आणि तो अल्बम तुम्ही वर स्वतःच सुचवला आहे. एका खोलीत, त्याच क्षणी, एकमेकांचं ऐकून रचना घडवणं हे इथे पूर्णपणे आहे. लेबल बाजूला ठेवून पहिला ट्रॅक ऐका : क्लॅरिनेट, मोरानचा पियानो, नशीत वेट्सचा ड्रम. तेवढ्यावर तरी वाद राहणार नाही.

ताम्रपट

पहिल्या ट्रॅकपुरतं मान्य. बाकीचा पुन्हा ऐकतो.

मध्यसप्तक

मोरानचं नाव निघालं म्हणून चार्ल्स लॉइड, 'द स्काय विल स्टिल बी देअर टुमॉरो' (ब्लू नोट, १५ मार्च २०२४). त्याच दिवशी लॉइड यांचा ८६ वा वाढदिवस होता. टेनर सॅक्सोफोन आणि बासरी लॉइड, पियानो मोरान, बास लॅरी ग्रेनाडियर, ड्रम ब्रायन ब्लेड. दुहेरी अल्बम, १५ ट्रॅक, सुमारे दीड तास.

सलग दीड तास ऐकू नका. लय पुष्कळदा मोकळी आहे, आठव्या-नवव्या ट्रॅकला कान थकतो आणि पुढचं सगळं एकसारखं वाटायला लागतं. शीर्षक ट्रॅकपाशी थांबा, दुसरा भाग वेगळ्या बैठकीत. लॉइड यांचा सूर ऐन मध्यावर जोर देत नाही. तो कडेने येतो, अर्धा हवेत असतो. वयामुळे ताकद कमी झाली असं लिहिलेलं वाचलं, ते मला पटत नाही. 'बुकर्स गार्डन' ऐका, लहानपणीचा मित्र बुकर लिटल याच्यासाठी केलेली रचना आहे. तिथे बासरी आहे आणि ब्लेड जवळजवळ काहीच वाजवत नाही. त्या 'जवळजवळ'मध्ये तो काय करतो ते ऐकायला हेडफोन लागतात.

अनाहत

हेडफोनचा विषय निघाला म्हणून. वर सगळे "बास ऐका" म्हणताहेत, आणि निम्मे लोक फोनच्या स्पीकरवर ऐकतात.

डबल बासची सर्वांत खालची मोकळी तार ४१ हर्ट्झला बोलते. फोनचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही. म्हणजे मूळ सूर ऐकू येतच नाही, फक्त त्याचे वरचे उपस्वर येतात. मेंदू त्यांवरून मूळ सुराचा अंदाज बांधतो, म्हणून चाल कळल्यासारखी वाटते. पण तारेचं वजन, बोट सुटताना येणारा आवाज, सूर किती वेळ धरला हे सगळं जातं. साधे तारवाले इअरफोनही चालतील, पण कानात नीट घट्ट बसले पाहिजेत. फट राहिली की सर्वांत आधी खालचे स्वर गळतात.

'बास बूस्ट' लावू नका. तो ठरावीक पट्टा उचलतो, त्यात डबल बासचे खालचे सूर आणि पायाचा ड्रम दोन्ही येतात आणि एकमेकांवर लोळतात. बास मोठा होतो, स्पष्ट होत नाही.

माझा अल्बम : जेफ पार्कर ईटीए चौकडी, 'द वे आउट ऑफ ईझी' (नोव्हेंबर २०२४). गिटार पार्कर, ऑल्टो जॉश जॉन्सन, बास ॲना बटर्स, ड्रम जे बेलरोझ. २ जानेवारी २०२३ ची, लॉस एंजेलिसमधल्या ईटीए या बारमधली एकच रात्र. चार लांब ट्रॅक, आणि रेकॉर्डच्या चार बाजूंवर एकेक. चक्री बासवाक्यांश सुरू होतो आणि दहा मिनिटांनी आपण भलतीकडेच असतो. मधला वळणाचा क्षण सापडत नाही. सापडवायचा असेल तर बटर्सचा बास धरा आणि तो बदलला की वेळ टिपून ठेवा. बदल पुष्कळदा अगदी छोटा असतो.

रवाळ

एकेका बाजूला एकेक ट्रॅक हे सोयीचंही आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू वीस मिनिटांच्या आसपास असेल तर खाच रुंद कापता येते. पंचवीसच्या पुढे गेलं की आवाजाची पातळी उतरवावी लागते, आणि आतल्या खाचांमध्ये झांज चिरकू लागते. त्यामुळे लांब अल्बम रेकॉर्डवर घेताना तबकड्या किती आहेत ते आधी बघा.

मृद्गंध

गायनाचे कुणी सुचवेल का?

निषाद_को

तीन.

समारा जॉय, 'पोर्ट्रेट' (व्हर्व्ह, ऑक्टोबर २०२४). मिंगस यांच्या 'रीइन्कार्नेशन ऑफ अ लव्हबर्ड'ला तिने स्वतः शब्द लिहिले आहेत. सुरुवात साथीशिवाय, एकट्या आवाजावर. मोठमोठ्या उड्यांची अवघड चाल आहे, आणि आधाराला एकही सूर नसताना ती कुठे जाऊन उतरते ते पाहण्यासारखं आहे. शास्त्रीय गायनाची सवय असलेल्यांनी इथूनच सुरू करावं.

इमॅन्युएल विल्किन्स, 'ब्लूज ब्लड' (ब्लू नोट, ऑक्टोबर २०२४). ऑल्टो सॅक्सोफोनवादकाचा अल्बम, पण चार गायक आहेत, त्यांत गणव्या आणि सेसिल मॅक्लॉरिन साल्व्हंट. गणव्याच्या आवाजात कर्नाटक पद्धतीचं वळण स्पष्ट ऐकू येतं. सॅक्सोफोन पुष्कळदा गायकांच्या मागे उभा असतो, त्याला शोधावं लागतं.

मिशेल एन्डेगेओचेलो, 'नो मोअर वॉटर : द गॉस्पेल ऑफ जेम्स बाल्डविन' (ब्लू नोट, २ ऑगस्ट २०२४, बाल्डविन यांच्या जन्मशताब्दीचा दिवस). यात बोललेले शब्द पुष्कळ आहेत. ते समोर ठेवून वाचत ऐकले नाहीत तर अल्बम निम्माच पोहोचतो.

खर्ज

मृद्गंध, तुमच्यासाठी क्रम लावून देतो : 'द ओल्ड कंट्री'तली 'स्ट्रेट, नो चेसर', मोजत. मग समारा जॉयचं 'लव्हबर्ड'. मग 'कम्पॅशन'मधलं 'ओव्हरजॉइड', मूळ गाणं ऐकून. त्यानंतर 'एंडलेसनेस' पूर्ण, सलग. 'ब्रेकिंग स्ट्रेच' पाचवा. सोरीचा अल्बम शेवटी, मोकळा सव्वा तास हातात असेल तेव्हा.

आवर्तन

खर्ज, क्रमात एक बदल सुचवतो : 'एंडलेसनेस' आणि 'ब्रेकिंग स्ट्रेच' यांच्या मध्ये जेफ पार्करचा एखादा ट्रॅक ठेवा. 'एंडलेसनेस'मध्ये कान हळू बदल पकडायला शिकतो, ते पार्करमध्ये लगेच वापरता येतं. तिथून थेट ब्रेननच्या तीन फुंकवाद्यांवर गेलं तर दचकायला होतं, पण तोवर बास धरायची सवय लागलेली असते.

खर्ज

बरोबर आहे, 'लेट ऑटम' घालतो. तो संथ आहे आणि बटर्सचा बास त्यात अगदी उघडा आहे.